गवतावर ठेवलेले भाडे

१८७८ सालचा सप्टेंबर संपत आला होता. दक्षिण फ्रान्समधल्या लोझेर पर्वताच्या उतारावर, पाइनच्या झाडीत, एक काटकुळा स्कॉटिश तरुण पहाटे जागा झाला. बाहेरून ताडपत्री आणि आतून मेंढीची लोकर असे एक भलेमोठे पोते त्याने मुद्दाम शिवून घेतले होते, त्यात तो रात्रभर झोपला होता. शेजारी त्याची गाढवीण होती. उजाडल्यावर त्याने सामान बांधले, आणि निघताना खिशातली नाणी काढून तो एकेक करून गवतावर टाकत गेला, रात्रीच्या मुक्कामाचे भाडे पुरते फिटले असे मनाला वाटेपर्यंत. घेणारा कोणी नव्हता आणि पावतीचा तर प्रश्नच नव्हता.

माझे उभे आयुष्य बँकेत गेले. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू. हे भाडे मी त्याच खात्यात टाकले असते आणि वर्षअखेरीला ऑडिटरची बोलणीही खाल्ली असती!

तो तरुण म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. ट्रेझर आयलंड आणि जेकिल-हाइडच्या गोष्टीमुळे आपल्या घराघरांतल्या मुलांना हे नाव ठाऊक असते, पण त्या दिवशी यातले काहीच लिहून झालेले नव्हते. वय सत्तावीस. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरांचे. बेल रॉकचे प्रसिद्ध दीपगृह त्याच्या आजोबांच्या नावावर. हा मात्र लहानपणापासून छातीने अधू. एडिंबराची थंडी त्याला सोसत नसे. वडिलांच्या आग्रहाखातर वकिलीची परीक्षा दिली, सनद मिळाली, आणि वकिली केली नाही ती नाहीच. घरात राहवत नाही आणि बाहेर तब्येत साथ देत नाही, अशा माणसाचा निम्मा जन्म दुसऱ्यांच्या छपराखाली जातो. स्टीव्हन्सनचा तसा गेला.

आधी १८७६ ची गोष्ट. एका मित्रासोबत अँटवर्पहून निघून बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या कालव्यांतून, नद्यांतून तो छोट्या होडीने प्रवास करीत होता. कपडे भिजलेले, हातांत रबरी पिशव्या. एका गावात लोकांनी दोघांना सरळ फेरीवाले ठरवले आणि त्याच बेताने वागवले. पण खरा अपमान ला फेर या गावी झाला. पाऊस कोसळत होता, गाव लष्करी कवायतीला आलेल्या राखीव सैनिकांनी भरलेले. तिथल्या चांगल्या हॉटेलची कीर्ती ऐकून, जेवणाची स्वप्ने बघत दोघे आत शिरले. मालकिणीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि बाहेरचा रस्ता दाखवला.

हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला त्यातली बोच कळायची नाही. शाखा तपासणीसाठी मी तालुक्याच्या गावी रात्री अकराला एस.टी.तून उतरलो होतो. अंगावर धूळ, हातात कापडी पिशवी. लॉजच्या माणसाने माझ्याऐवजी पिशवीकडे पाहिले आणि खोली नाही म्हणून सांगितले. किल्ल्या त्याच्या मागे खिळ्यांना लटकत होत्या. त्या मी मोजल्यासुद्धा, सवयीचा परिणाम. असो.

त्या रात्री स्टीव्हन्सन आणि त्याच्या मित्राला अखेर मजुरांच्या एका साध्या खानावळीत जागा मिळाली. मालकाचे नाव बाझँ. पूर्वी पॅरिसमध्ये रंगकामाची कारागिरी केलेला, बोलका, बायकोवर जीव असलेला माणूस. रात्री गप्पा रंगल्या. सकाळी बिल आले ते जेवणाचे आणि बिछान्याचे. त्या नवऱ्याच्या गप्पा, नवरा-बायकोमधला तो गोडवा आणि या दोघांना त्यांनी दिलेला मान, यांचा आकार बिलात नव्हता, आणि ही बाकी कशी फेडायची हा विचार स्टीव्हन्सनच्या मनात राहून गेला. दोन वर्षांनी गवतावर नाणी टाकणारा हाच माणूस.

त्याच १८७६ साली, पॅरिसच्या दक्षिणेला ग्रे नावाच्या नदीकाठच्या खेड्यात, चित्रकार ज्या स्वस्त सराईत उतरत तिथे त्याची फॅनी ऑस्बोर्नशी गाठ पडली. ती अमेरिकन, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, नवऱ्यापासून दुरावलेली, दोन मुलांची आई. याचा जीव जडला. १८७८ च्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेला परत गेली, आणि महिनाभराने हा सेव्हेनच्या डोंगराळ मुलखात गाढवीण घेऊन निघाला. गंमत म्हणून लोक ती सफर वाचतात. मला त्यात गंमत कमीच दिसते.

गाढवीण मोदेस्तिन. किंमत पासष्ट फ्रँक आणि वर ब्रँडीचा एक पेला. ती चालेना. पहिल्या मुक्कामी, बुशे-सँ-निकोला गावच्या सराईत, झोपायची खोली एकच आणि तीत दोन खाटा. दुसऱ्या खाटेवर एक पिंपे बनवणारा कारागीर बायकोसह. स्टीव्हन्सन संकोचाने पडून राहिला. सकाळी सराईवाल्याने त्याला एक पराणी करून दिली आणि मोदेस्तिन सुतासारखी सरळ झाली. पुढच्याच रात्री मात्र पावसात, अंधारात वाट चुकली. एका वस्तीवर नुसती वाट दाखवायलाही कोणी दाराबाहेर यायला तयार होईना. तो रानातच पोत्यात शिरला. दुसऱ्या दिवशी कळले, जे गाव तो शोधत होता ते जवळच होते. आणि तिथल्या एका म्हाताऱ्याने आनंदाने त्याला वाटेला लावून दिले.

कट्टर प्रोटेस्टंट घरातला हा मुलगा मग कॅथलिक मठातही राहिला. मौनव्रती साधूंनी त्याचे आगतस्वागत केले. धर्म बदलण्याचा आग्रह धरला तो त्याच्यासारख्याच तिथे उतरलेल्या दोन पाहुण्यांनी.

आणि मग ती पाइनच्या झाडीतली रात्र. पाव, सॉसेज, चॉकलेट, वर चांदण्या. इतक्या सुखात त्याला एकच उणीव जाणवली : शेजारी कोणी तरी हवे होते. ते कोण, हे आपण ओळखतोच. बारा दिवसांनी त्याने मोदेस्तिनला पस्तीस फ्रँकांना विकले, आणि नंतर तिच्यासाठी रडला.

पुढच्या ऑगस्टमध्ये, आईबापांना न सांगता, तो अमेरिकेच्या बोटीवर चढला. स्थलांतरितांच्या आगगाडीने अख्खे खंड ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला तो अर्धमेला. माँटेरेजवळच्या डोंगरात एकटाच तळ ठोकला असताना कोसळला. शेळ्या पाळणाऱ्या दोघा माणसांनी त्याला उचलून आपल्या घरी नेले आणि बरे केले. उठून बसता येऊ लागल्यावर त्याने तिथल्या मुलांना वाचायला शिकवले. सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याची खोली घेतली, तर घरमालकिणीचा चार वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने आजारी. हा स्वतः खोकत असताना त्याच्या उशाशी जागला. मूल वाचले, हा अंथरुणाला खिळला.

१९ मे १८८० रोजी फॅनीशी लग्न झाले. मधुचंद्र सिल्व्हराडोच्या ओस पडलेल्या खाणीतल्या मजुरांच्या मोडक्या घरात. भाडे शून्य, तावदानेही शून्यच. नंतर नाव झाले, पैसा आला, पण छाती सुधारली नाही. १८८७ मध्ये वडील गेले आणि त्याने मायदेश सोडला तो कायमचा. दुसऱ्या वर्षी दक्षिण समुद्रात ताहितीच्या ताउतिरा गावी तो पुन्हा मरणाच्या दारात. ओरी नावाच्या गावमुख्याने स्वतःचे घर दिले, बोटीची डोलकाठी दुरुस्त होऊन येईना तेव्हा सगळ्या कुटुंबाला पोसले. हिशेब मागितला नाही. स्टीव्हन्सन आणि ओरी यांनी एकमेकांची नावे घेतली आणि भाऊ झाले.

सामोआ बेटावर १८९० मध्ये तो घर बांधून राहिला. गाव वायलिमा. आता दार उघडणारा तो होता. युद्धात हरून तुरुंगात पडलेल्या सामोअन सरदारांना तो अन्न, तंबाखू, औषध पोचवत असे. १८९४ मध्ये सुटल्यावर ते आपणहून त्याच्या दाराशी आले आणि त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला.

त्यानंतर काही आठवड्यांनीच, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी, जेवणाच्या तयारीत फॅनीला मदत करताना तो कोसळला आणि गेला. वय चव्वेचाळीस. वेआ डोंगराच्या माथ्यावर पुरावे ही त्याची इच्छा होती. वर जायला वाट नव्हती. सामोअन माणसांनी कुऱ्हाडी, कोयते घेऊन रान तोडले आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरून वर नेले.