सावता महाराजांचा मळा

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून या अंकात संतांची चरित्रं घ्यायचं ठरलं. आमच्या वाट्याला सावता महाराज आले. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याला दुसरं कोण झेपणार!

महाराजांचा जन्म सन 1250 चा, गाव अरण. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, मोडनिंबाजवळ. वडील परसोबा, आई नांगिताबाई. घरात पंढरीची वारी आणि माळीकाम दोन्ही वडिलोपार्जित. हा मुलूख कमी पावसाचा. आता उजनीचं पाणी आलं, ऊस दिसतो. त्या काळी विहिरीत जेवढं पाणी तेवढाच मळा.

मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल धावेवरून खाली उतरले की नाडा ताणायचा, कातड्याची मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटानं वाफ्यात. एक माणूस मोटेवर, एक दारं धरायला. मोटकरी गाणं म्हणायचा, त्या तालावर बैल चालायचे. महाराजांचा अभंग असल्याच कामात तोंडी आला असणार, असं आमचं मत. ते मळ्यात म्हणायचे आणि काशिबा गुरव लिहून घ्यायचे. आज 37 अभंग सापडतात. त्यांत भाजीपाला आहे, मोट आहे, विहीर आहे, आणि त्या सगळ्यात विठ्ठल आहे.

पण आता कीर्तनात आम्ही नाडा म्हटलं की पोरं हसतात. त्यांना लेंग्याचाच नाडा ठाऊक! त्यांचा काय दोष? आमच्या गावात मोटा गेल्या, इंजिनं आली, मग मोटरी, मग बोअर. बोअर जसजशी खोल गेली तसतशा विहिरी आटल्या. दोन तर आम्हीच गावकऱ्यांनी बुजवल्या. विहीर गेली, धाव गेली, मोटेवरची गाणी गेली. अभंग पाठ आहे, पण त्यातली वस्तू दाखवायची कुठं? म्हणून यंदा वारीहून आलो की देवळामागच्या आडातला गाळ काढायचा आहे. ज्यांना जमेल त्यांनी घमेलं घेऊन यावं.

महाराज पंढरीला जात नसत असं सांगतात. काहींना नवल वाटतं. आम्हाला नाही वाटत. आषाढात तिकडं पाऊस ओढ देतो, खुरपणी तोंडावर असते, मळ्याला माणूस लागतो. मग देवच आला. ज्ञानोबा-नामदेवांबरोबर कूर्मदासाला भेटायला लऊळला जाताना विठ्ठल अरणच्या मळ्यात शिरला आणि मला लपव म्हणाला. महाराजांनी खुरप्यानं पोट चिरून देवाला आत घेतलं. नामदेवराय बाहेर शोधतायत, रडतायत. ही कथा आम्ही पुष्कळ वेळा सांगितली, पण खुरप्यापाशी आलो की आवाज अजून अडकतो. आपल्या हातात रोज असणारं हत्यार ते.

सन 1295 ला, आषाढ वद्य चतुर्दशीला महाराजांनी अरणलाच देह ठेवला. वय अवघं 45. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीत येतात, पण सावता महाराजांची येत नाही. एकादशी झाली की पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते.