आधी मोजमाप, मग मत : डॉ. इरावती कर्वे

विद्यार्थी मित्रांनो, ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून इरावती कर्वे आपल्यापैकी अनेकांच्या घरी परिचित आहेत. या अंकात आम्ही त्यांची दुसरी ओळख करून देत आहोत : माणसांच्या आनुवंशिकतेचा शोध घेणाऱ्या संशोधिकेची.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात व मुंबईत झाले. विवाहानंतर त्या महर्षी कर्वे यांच्या सूनबाई झाल्या.

१९२८ साली त्या उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता गोऱ्या युरोपीयांत अधिक असते आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असे त्यांचे मार्गदर्शक प्रा. ऑयगेन फिशर यांचे मत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. वंशानुसार असा फरक आढळला नाही. परका देश आणि पदवी गुरूंच्या हाती! तरीही त्यांनी आकडे सांगतील तेच प्रबंधात लिहिले आणि पदवी मिळवली. पुढे १९३३ नंतर जर्मनीत वंशश्रेष्ठतेच्या वेडाने लाखो निरपराधांचे बळी घेतले. त्यावरून या सचोटीचे मोल कळते.

मेंडेलने वाटाण्याची रोपे हवी तशी जुळवून अनेक पिढ्या पाहिल्या. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. आपली एक पिढी पंचवीसेक वर्षांची. शिवाय उंची, वजन यांवर अन्नपाण्याचाही परिणाम होतो. म्हणून संशोधकाला लोकांमध्ये जाऊन, त्यांचा विश्वास मिळवून माहिती घ्यावी लागते.

१९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना इरावतीबाईंनी हेच केले. मोजायचे कोणाला, हाही मोठाच प्रश्न होता. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींच्या शारीरिक व आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाने ओळखले जाणारे हे गट परस्परांपासून वेगळे आढळले. जातीचे नाव एक म्हणून रक्तही एक, हे गृहीत धरता येत नाही, असा त्याचा अर्थ.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. मित्रांनो, प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून मग आकडे जुळवण्याचा मोह झाला, तर बर्लिनमधील या विद्यार्थिनीची आठवण ठेवा, एवढेच आमचे सांगणे.