वाळलेल्या फुलांचे मोल

स्वीडनचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांना उमरावपद लाभले, तेव्हा त्यांच्या कुलचिन्हात एका साध्या रानफुलाला स्थान मिळाले. उत्तरेकडील अरण्यांत जमिनीसरशी पसरणाऱ्या या वनस्पतीच्या एकेका देठावर फिकट गुलाबी रंगाची, घंटेसारखी दोन फुले लोंबतात. लिनीअस यांचे ते लाडके फूल. डच वनस्पतिज्ञ ग्रोनोव्हियस यांनी त्याला ‘लिनीआ’ हे नाव दिले.

१७०७ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेल्या लिनीअस यांनी १७३२ मध्ये लॅपलँडचा खडतर प्रवास केला. १७४१ मध्ये ते उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्या काळी वाळविलेल्या वनस्पती कागदांवर चिकटवून त्यांचे ग्रंथ बांधीत. एकदा बांधलेला क्रम बदलता येत नसे. लिनीअस यांनी नमुने सुट्या कागदांवर ठेवले. त्यामुळे नव्या वनस्पतीला तिच्या सगोत्रांशेजारी जागा देणे सुलभ झाले. या संग्रहाची किंमत माणसांनीही मोजली. त्यांचे शिष्य दूरदेशी संशोधनास गेले. हासेलक्विस्ट १७५२ मध्ये स्मर्ना येथे, तर फोर्सकॉल १७६३ मध्ये येमेनमध्ये मृत्यू पावले.

१७७८ मध्ये लिनीअस निवर्तले आणि १७८३ मध्ये त्यांचा मुलगाही गेला. मागे विधवा पत्नी व मुली राहिल्या. संग्रह विकणे भाग होते. लंडनच्या जोसेफ बँक्स यांनी तो स्वतः न घेता जेम्स एडवर्ड स्मिथ या चोवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यास घेण्याचा सल्ला दिला. स्मिथ यांनी वडिलांकडून पैसे मिळवले आणि १७८४ मध्ये सुमारे १४ हजार वनस्पती, ग्रंथ व पत्रव्यवहार यांसह तो ठेवा सुमारे हजार गिनींना इंग्लंडला गेला. संग्रह परत आणण्यासाठी स्वीडनच्या राजाने युद्धनौका धाडली, ही केवळ दंतकथा होय.

यात त्या विधवेला दोष देणे अन्यायाचे ठरेल. चरितार्थ ज्याला चालवावयाचा आहे, त्याने राष्ट्राचा ठेवा फुकट सांभाळावा, अशी अपेक्षा कोणी करू नये. ते कर्तव्य विद्यापीठाचे व शासनाचे होते. पुढे १८२९ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीने स्मिथ यांच्या वारसांकडून हा संग्रह घेतला. त्यासाठी काढलेले कर्ज तिला दीर्घकाळ फेडावे लागले. लिनीअस यांनी दिलेल्या अनेक नावांचा अंतिम निवाडा आजही त्या कागदांवरूनच होतो. अशा ठेव्याचे मोल बाजारात ठरत नाही. पण त्याच्या जतनाचा खर्च कोणीतरी वेळीच उचलावा लागतो.