विद्यापीठाच्या आधीची वाट : धर्मानंद कोसंबी

मागच्या महिन्यात चोपड्यातल्या आमच्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर एक मुलगी थांबली. इंग्लंडमधल्या विद्यापीठात तिला एम.ए.ला प्रवेश मिळाला आहे. कोर्स सुरू होण्याआधी दहा-बारा दिवस लवकर जाऊन तिथल्या खेड्यापाड्यांतून एकटीनेच फिरायचे, असे तिच्या मनात आहे. घरचे ऐकायला तयार नाहीत. शिकायला चाललीस तर शीक, फिरायचे कशाला, असे आईचे म्हणणे. ताई, तुम्हीच समजावा, म्हणून ती माझ्याकडे आली होती. त्या मायलेकींशी बोलताना मला धर्मानंद कोसंबींची आठवण झाली. पाली आणि बुद्धचरित्राचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. पण हा माणूस विद्वान झाला तो आधी रस्त्यावर, हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, परिस्थिती बेताची. शाळा फारशी झालीच नाही. घरच्या नारळाच्या बागायतीकडे बघायचे आणि हाती लागेल ते मराठी पुस्तक वाचायचे, असे दिवस चालले होते. लग्न लहान वयातच झाले. अशातच मुलांच्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटे चरित्र वाचले आणि त्यांच्या मनाला ओढ लागली. या माणसाचा धम्म मुळातून समजून घ्यायचा. पण घ्यायचा कुठे? गोव्यात शिकवणारे कोणी नव्हते, पालीची पुस्तके नव्हती, खिशात पैसे नव्हते.

1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. हे विसरून चालणार नाही. त्यांच्या शोधाची किंमत त्या माउलीनेही मोजली, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

आधी ते पुण्याला गेले, डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. पाली शिकायची तर आधी संस्कृत पक्के हवे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशी गाठली. तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी अन्नछत्रे होती. त्यांत जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. 1902 मध्ये ते नेपाळात गेले. बुद्धाच्या देशात धम्म जिवंत सापडेल अशी आशा होती, पण काठमांडूत जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. तिथून बोधगया. सिलोनला गेल्याशिवाय धम्माचा खरा अभ्यास होणार नाही, हे त्यांना तिथे कळले. कलकत्त्याच्या महाबोधी सभेतून ओळख काढत, कसाबसा प्रवासखर्च जमवत ते कोलंबोला पोहोचले. विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले, श्रामणेर झाले. तिथले जेवण मानवेना, तब्येत बिघडली. पुढे ब्रह्मदेशात गेले. भारतात परतल्यावर कुशीनारा, लुंबिनी, श्रावस्ती ही बुद्धाच्या पायाखालची ठिकाणे त्यांनी स्वतः हिंडून पाहिली. सुमारे सात वर्षांनी, 1906 मध्ये, ते पुन्हा गोव्यात आले.

या सात वर्षांत त्यांना एकही पदवी मिळाली नाही. तरी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकवायला घेतले. पुढे महाराष्ट्रात राहून मराठीत बौद्ध धर्मावर लिहावे, यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना 50 रुपये देऊ केले. जास्त पगाराची नोकरी सोडून त्यांनी ते स्वीकारले. 1910 मध्ये ते अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात गेले, ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. मॅट्रिकही न झालेला माणूस जगातल्या नामांकित विद्यापीठात विद्वानांच्या शेजारी बसून काम करत होता. नंतरही ते तिथे पुन्हा पुन्हा गेले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, 1937 मध्ये मुंबईच्या परळ भागात कामगार आणि दलित वस्तीसाठी बहुजन विहार उभारला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी हे त्यांचे चिरंजीव.

त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ वाचला की त्या पायपिटीचा अर्थ लागतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या सुत्तांचा आधार घेऊन कोसंबींनी ती बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांमधल्या शस्त्राच्या भांडणाकडे बोट दाखवले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद येतो. कोसंबींनी हा भूभाग पायाखाली घातला होता, म्हणून त्यांच्या लिखाणातला बुद्ध आकाशातून उतरलेला वाटत नाही. तो गावागावांतून चालणारा माणूस वाटतो.

पण मित्रांनो, समाजशास्त्र शिकलेली कार्यकर्ती म्हणून मला इथे थांबून एक प्रश्न विचारावाच लागतो. हाच रस्ता त्या काळी आपल्या आजोबा-पणजोबांना मोकळा होता का? काशीच्या त्या अन्नछत्रात त्यांना पान वाढले असते का?

उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्याच जळगाव जिल्ह्यातले चाळीसगाव आहे. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेलेले, पुढे लंडनमध्ये शिकून बॅरिस्टर झालेले बाबासाहेब 23 ऑक्टोबर 1929 रोजी चाळीसगावला उतरले. ते सरकारी समितीचे सदस्य होते. पण अस्पृश्याला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला नाही. हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. लंडनचे रस्ते ज्यांनी मोकळेपणी तुडवले, त्यांना खानदेशात स्टेशनपासून वस्तीपर्यंतचा रस्ताही सरळ मिळाला नाही.

कोसंबींचे मोठेपण याने कमी होत नाही. त्यांनी मिळालेली मोकळीक वाया घालवली नाही. पण ती मोकळीक त्यांना जन्माने मिळाली होती. आपल्याला ती लढून मिळाली आहे. मुलीला तर ती दोनदा लढून घ्यावी लागते, एकदा समाजाशी आणि एकदा घराशी.

म्हणून त्या मुलीच्या आईला मी एवढेच समजावले की हे फिरणे उनाडकी नाही, अभ्यासच आहे. इंग्लंडमध्ये शेताशेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आहेत. त्यांवरून चालायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला आहे. तिथला शेतकरी तिला आडनाव विचारून अडवणार नाही. गावकुसाची आठवण ज्यांच्या रक्तात आहे, त्यांच्या लेकीने अशा वाटेवरून एकदा तरी निवांत चालावे. रोज कुठे मुक्काम आहे ते घरी कळवावे, अंधाराआधी मुक्कामी पोहोचावे, पैसे आणि कागदपत्रे जपावीत, एवढी काळजी घेतली की पुरे.

आई अजून पूर्ण तयार नाही. पण परवा तिने मुलीसाठी पायात घालायला मजबूत बूट आणले आहेत, एवढे मला कळले.

जय भीम, नमो बुद्धाय.