दुसऱ्याच्या गाण्यात स्वतःचं आयुष्य गाणारे जॉनी कॅश

सत्तरी गाठलेला, आजारानं खंगलेला एक गायक कोणा तरुणाचं गाणं म्हणतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे गाणं याचंच! अमेरिकेचे कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

कॅश यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९३२ चा, आर्कान्सा राज्यातला. घरची गरिबी, त्यामुळे लहानपणापासूनच शेतात कापूस वेचायचं काम. १९४४ मध्ये मोठा भाऊ जॅक यांत्रिक करवतीच्या अपघातात गेला. तेव्हा जॉनी १२ वर्षांचे होते. हे दुःख त्यांना जन्मभर पुरलं.

हवाई दलातली नोकरी संपवून ते मेम्फिसला आले. १९५५ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली आणि पुढच्याच वर्षी 'आय वॉक द लाइन'नं त्यांचं नाव सगळीकडे झालं. पण नावाच्या पाठोपाठ गोळ्यांचं व्यसनही आलं. कार्यक्रम बुडाले, अटक झाली, पहिला संसार मोडला. १९६८ मध्ये फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेल्या गाण्यांनी त्यांना पुन्हा उभं केलं. त्याच वर्षी गायिका जून कार्टर यांच्याशी लग्न झालं आणि आधार मिळाला.

पुढे काळ बदलला. १९८६ मध्ये कोलंबिया कंपनीनं त्यांची साथ सोडली. म्हातारा झाला, आता कोण ऐकणार, असाच एकंदर सूर होता. पण रॅप आणि मेटलवाल्यांचे निर्माते रिक रुबिन यांनी त्यांना हाताशी धरलं. १९९४ पासून साध्या गिटारवर नवे अल्बम येऊ लागले.

'हर्ट' हे गाणं रुबिन यांनीच सुचवलं. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नर यांचं हे १९९४ मधलं रॉक गाणं. विषय व्यसनाचा, स्वतःला करून घेतलेल्या जखमांचा. कॅश यांनी त्यातला एक शिवराळ शब्द तेवढा बदलला. २००२ मध्ये ते त्यांच्या अल्बममध्ये आलं. रेझ्नर आधी साशंक होते. व्हिडिओ पाहिल्यावर मात्र त्यांनीही मान्य केलं, की गाणं आता आपलं राहिलं नाही.

मार्क रोमानेक यांचा तो व्हिडिओ बघवत नाही आणि सोडवतही नाही. बंद पडलेलं कॅश यांचं संग्रहालय, थरथरता हात आणि जिन्यावरून नवऱ्याकडे काळजीनं बघणाऱ्या जून. शेवटी कॅश पियानोचं झाकण हळूच बंद करतात.

१५ मे २००३ ला जून गेल्या. चार महिने पूर्ण व्हायच्या आतच, १२ सप्टेंबरला, कॅशही गेले. त्याच नोव्हेंबरमध्ये 'हर्ट'ला कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम सिंगलचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला ते नव्हते.

शब्द रेझ्नर यांचे, पण त्यामागे ७० वर्षांचा हिशोब कॅश यांचा होता. म्हणूनच ते गाणं आजही काळजाला भिडतं.