नाल्वडी कृष्णराज वडियार : म्हैसूरच्या सिंहासनावरचा सामाजिक न्यायाचा राजा

आरक्षणाचा इतिहास सांगताना आपण 26 जुलै 1902 ही तारीख विसरत नाही. त्या दिवशी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 8 ऑगस्ट 1902 रोजी, दक्षिणेतील म्हैसूर संस्थानात एका अठरा वर्षांच्या तरुणाच्या हाती राज्यकारभार आला. पुढे हाच तरुण शाहू महाराजांच्या वाटेने चालला. त्याचे नाव नाल्वडी कृष्णराज वडियार. कन्नडमध्ये नाल्वडी म्हणजे चौथे.

त्यांचा जन्म 4 जून 1884 रोजी म्हैसूर येथे झाला. वडील चामराजेंद्र वडियार यांचे डिसेंबर 1894 मध्ये कलकत्त्यात निधन झाले, तेव्हा कृष्णराज अवघे दहा वर्षांचे होते. आई महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी राजप्रतिनिधी म्हणून आठ वर्षे कारभार पाहिला. याच काळात कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीज प्रकल्प उभा राहिला आणि 1902 मध्ये तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. तीन वर्षांनी बंगळूरचे रस्तेही विजेने उजळले.

कृष्णराजांच्या कारकिर्दीत म्हैसूरचे रूप पालटले. 1909 मध्ये मंदिरांतील देवदासींची सेवा बंद करण्याचा आदेश निघाला. 1911 मध्ये कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. त्या पाण्याने मंड्याच्या कोरडवाहू जमिनीत ऊस उभा राहिला. 1913 मध्ये म्हैसूर बँक आणि 1916 मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी संस्थानाने 371 एकर जमीन दिली.

धरणे आणि कारखाने यांचे श्रेय सर विश्वेश्वरय्या यांनाही जाते. 1912 ते 1918 या काळात ते दिवाण होते. परंतु राजाची खरी कसोटी पुढेच होती.

संस्थानात ब्राह्मणांची संख्या पाच टक्क्यांहूनही कमी होती, पण वरच्या सरकारी जागांवर बहुसंख्य तेच होते. वक्कलिग, लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांच्या पुढाऱ्यांनी 1917 मध्ये प्रजा मित्र मंडळी ही संघटना उभी केली आणि थेट महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी 1918 मध्ये मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोकरभरतीत जातीचा विचार केला तर कार्यक्षमता घसरेल, असे विश्वेश्वरय्यांचे मत होते. मतभेद मिटले नाहीत आणि ते दिवाणपदावरून बाजूला झाले. इतका कर्तबगार दिवाण गमावण्याची किंमत मोजूनही महाराज मागे हटले नाहीत. त्यांच्या जागी आलेले कांतराज अरस हे ब्राह्मणेतर होते.

मिलर समितीने 1919 मध्ये अहवाल दिला. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांना मिळाव्यात, त्यात अस्पृश्य समाजाला प्राधान्य असावे आणि मागास विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती व वसतिगृहे मिळावीत, अशा शिफारशी त्यात होत्या. 1921 मध्ये सरकारने या धोरणाचा आदेश काढला. कार्यक्षमता घसरेल हा युक्तिवाद आजही आपल्या कानावर पडतो. म्हैसूरने त्याला शंभर वर्षांपूर्वी कृतीने उत्तर दिले होते.

त्याआधी 1915 मध्ये सरकारी शाळांचे दरवाजे अस्पृश्य मुलांसाठी उघडण्यात आले होते. सवर्ण पालकांनी विरोध केला, काही ठिकाणी आपली मुले शाळेतून काढून घेतली. तरीही सरकार आपल्या धोरणावर ठाम राहिले.

मात्र एखाद्याचा गौरव करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्रावणकोरने 1936 मध्ये मंदिरे अस्पृश्यांसाठी खुली केली, म्हैसूरमध्ये महाराजांच्या हयातीत तसे झाले नाही. प्रतिनिधी सभा होती, पण अंतिम सत्ता राजाकडेच राहिली. जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा एप्रिल 1938 मध्ये विदुराश्वत्थ येथे पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मारली गेली. हा डागही त्यांच्याच राजवटीवर आहे.

याच म्हैसूर राज्यात, चित्रदुर्गजवळच्या ब्रह्मगिरी, सिद्दापूर आणि जटिंग रामेश्वर येथे, सम्राट अशोकाचे शिलालेख 1892 मध्ये उजेडात आले. प्रजेचे हित हेच राजाचे कर्तव्य, हा विचार या मातीला नवा नव्हता. मधल्या शतकांत जातीने तो झाकून टाकला होता.

3 ऑगस्ट 1940 रोजी बंगळूर येथे कृष्णराजांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते, म्हणून पुतणे जयचामराजेंद्र गादीवर आले. गांधीजींनी त्यांना राजर्षी म्हटले होते. आपल्याकडे राजर्षी म्हटले की शाहू महाराज आठवतात. कोल्हापूर आणि म्हैसूर या दोन्ही ठिकाणी राजाने आपल्या हातातील अधिकार वंचितांसाठी वापरला. पण राजाची मर्जी राजाबरोबर संपते. ती तरतूद कायमचा हक्क व्हायला बाबासाहेबांचे संविधान यावे लागले. त्या हक्काची पायवाट तयार करणाऱ्यांत म्हैसूरच्या या राजाचे नाव घ्यावेच लागेल.

नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!