रणांगणाकडून शाळेकडे

युरोपातील जर्मनी हा देश पूर्वी आजच्यासारखा एकसंध नव्हता. तेथे लहानमोठी शेकडो संस्थाने नांदत होती. अशाच एका राजघराण्यात २५ डिसेंबर १६०१ रोजी अर्न्स्टचा जन्म झाला. तो अवघा तीन वर्षांचा असताना त्याचे पितृछत्र हरपले. त्याची माता डोरोथेआ मारिया मोठी विद्याप्रेमी होती. मुलांना प्रथम मातृभाषेतून शिकवावे, असा आग्रह धरणाऱ्या राट्के नावाच्या शिक्षकाला तिने साहाय्य केले होते. १६१७ मध्ये तीही निवर्तली; परंतु तिचे विद्याप्रेम मुलाच्या मनात रुजले.

१६१८ मध्ये जर्मनीत धर्मकलहातून युद्धाचा वणवा पेटला. तो तीस वर्षे विझला नाही. अर्न्स्टही १६३१ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव्ह आडोल्फ याच्या बाजूने लढावयास गेला. पुढच्याच वर्षी ल्यूट्झेनच्या लढाईत तो राजा धारातीर्थी पडला. अर्न्स्टचा धाकटा भाऊ बेर्नहार्ड याने अखेरपर्यंत लढून सेनापती म्हणून कीर्ती मिळविली. अर्न्स्टने मात्र तलवार म्यान केली.

१६४० मध्ये भावाभावांत वाटण्या झाल्या व अर्न्स्टच्या वाट्यास गोथा आले. युद्धाने गावे उजाड झाली होती व तिजोरी रिती होती. असा राजा आधी फौज उभारील, असे कोणासही वाटले असते. अर्न्स्टने मात्र गावोगाव माणसे पाठवून प्रजेच्या स्थितीची पाहणी करविली आणि शाळा हाती घेतल्या. अँड्रिआस रायहर या विद्वानाकडून त्याने शाळांचे नियम लिहवून घेतले. ते १६४२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाने व मुलीने शाळेत गेलेच पाहिजे, असे त्यात ठरविले होते. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दंड होई. शेतात राबणाऱ्या गरिबांना मुलांच्या हातांची गरज असे. तरीही राजाने हा नियम सोडला नाही. धर्मशिक्षण, वाचन, लेखन, गणित व गायन हे विषय शिकविले जात. पुढे सृष्टीचे ज्ञानही त्यांत आले.

१६४३ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याने गोथा येथे नवा राजवाडा बांधावयास घेतला. पूर्वी तेथे असलेला किल्ला १५६७ मध्ये जमीनदोस्त झाला होता. नव्या वास्तूचे नाव त्याने फ्रीडेनश्टाइन, म्हणजे शांतीचा पाषाण, असे ठेविले. युद्ध संपावयास अद्याप पाच वर्षे होती!

१६७५ मध्ये अर्न्स्टने देह ठेविला. लोक त्याला धर्मनिष्ठ अर्न्स्ट म्हणत. इतरत्रच्या सरदारांपेक्षा त्याच्या राज्यातील शेतकरी अधिक शिकलेले असतात, अशी ख्याती पसरली होती. १६८० मध्ये त्याच्या सात मुलांनी राज्याचे सात तुकडे केले. राज्य विभागले गेले. परंतु शेतकऱ्याच्या मुलाने शिकलेली अक्षरे कोणाला वाटून घेता आली नाहीत.